गोठ्यातला लाल दिवा

आमच्या गोठ्यातल्या मोडेममध्ये नवं सिम कार्ड घालायचं, एवढंच काम होतं. माझ्या नवऱ्याने, कोलमनने, ते शुक्रवारी हातात घेतलं आणि रविवार आला तरी संपेना.

हे मोडेम गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर पाठवतं. आम्ही झोपलो की ते चित्र बघतो आमचा मुलगा फियाक्रा, ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये. त्याच्याकडे तेव्हा दिवस असतो. डबा खाता खाता तो आमच्या गाई बघतो आणि एखादी व्यायला लागली की फोन करतो. इथे आयर्लंडात, लेट्रिममध्ये, आमच्या बाजूला निम्म्या घरांत असंच चालतं. पोरं तिकडे आणि गाई इकडे.

कोलमनच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे रात्री गोठ्यात जायला मनाई. एक पहिलारू कालवड आज-उद्यात व्यायची होती. कॅमेरा बंद म्हणजे रात्रभर चिखलातून टॉर्च घेऊन खेपा मी घालायच्या. गेल्या वर्षी डोळा लागला आणि एक वासरू हातचं गेलं. पुन्हा तसं व्हायला नको होतं मला.

नवं कार्ड तीन मापांत मोडता येतं. कोलमनने सगळ्यात लहान मोडलं. मोडेमला हवं होतं मधलं.

"बाहेरची चौकट कुठाय?" मी विचारलं.

"चुलीत टाकली. कचरा वाटला."

"चष्मा लावला असतास तर वाटला नसता."

"चष्मा असता तर लावला असता, अट्रॅक्टा."

चौकट शेजारच्या डिम्फनाकडून मागून आणली. तिने बरोबर सल्लाही दिला, कोणी मागितला नव्हता तरी.

मग फियाक्राने फोनवरून सगळं सांगितलं. कार्ड आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन काढून टाका. मग मोडेमच्या सेटिंगमध्ये जा, जुन्या कंपनीचं एपीएन, म्हणजे नेटला जोडणारं नाव, पुसा, नव्या कंपनीचं लिहा. कार्ड टक् आवाज येईपर्यंत दाबा. कोलमनने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. मधेच पर्थमध्ये पाऊस आहे का तेही विचारलं. माझा चहा गार झाला, पण मोडेमवरचा लाल दिवा हिरवा झाला.

शनिवारी सकाळी बघते तर पुन्हा लाल. फियाक्राचा फोन, पुन्हा पिनपासून सुरुवात, पुन्हा हिरवा. रविवारी चर्चमधून आलो तर पुन्हा लाल. माझं डोकं फिरलं. चर्चचे चांगले बूट न काढताच मी तशीच गोठ्यात गेले आणि मोडेम खाली काढलं. सेटिंग बरोबर होतं. कार्ड मात्र जागेवर नव्हतंच.

कोलमन मागून लंगडत आला.

"कार्ड कुठाय?"

टोपी काढून त्याने अस्तरातून कार्ड काढलं, चौकटीसकट.

"तू काढतोयस? अरे, रात्री मला चिखलात घालून मारायचंय का तुला?"

"रात्री लावणारच होतो मी." तो कालवडीकडे बघत म्हणाला. "चालू असलं की तो गाई बघतो, आणि फोन केला तर 'आई, ऊठ' म्हणून ठेवून देतो. बंद पडलं की तासभर माझ्याशी बोलतो. काल विचारलं त्याने, बाबा, खुबा कसा आहे म्हणून."

"मला सांगायचंस ना, मूर्खा. मी सांगितलं असतं त्याला."

"सांगून केलेला फोन नकोय मला."

मी कार्ड टक् होईपर्यंत दाबलं. दिवा हिरवा झाला. जरा वेळाने माझा फोन वाजला.

"आई, झालं का चालू?" फियाक्रा विचारत होता.

मी कोलमनकडे पाहिलं. राग आलाच होता, अजूनही आहे.

"नाही रे," मी म्हणाले, "लालच आहे अजून."



"आई, तू मला दिसतेयस. चर्चच्या बुटांत. बाबा मागे टोपी चुरगाळत उभे आहेत."

मी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.

"बरं," तो म्हणाला, "लाल आहे म्हणतेस ना, मग पहिल्यापासून करू. बाबांकडे दे फोन. आणि त्यांना बसायला काहीतरी दे, वेळ लागेल."

मी पेंडीची बादली पालथी घातली.