शकिला बाईची टोपली

धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर शकिला बाईचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि भिंतीपलीकडे तिच्या नवऱ्याचं, गुलाम रसूलचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. बाई कामाला पक्की, पण एक खोड भारी: फुकटचं दिसलं की हात आवरायचा नाही. ब्राउझरला जोडायची ती छोटी छोटी एक्स्टेंशन्स असतात ना, ती तिनं अशीच हौसेनं गोळा केली होती. एक जाहिराती अडवणारं, एक पान मराठीत करून दाखवणारं, एक खरेदीवर सूट शोधणारं, एक हवामान सांगणारं, आणि एक पडद्याच्या कोपऱ्यात मांजर नाचवणारं. "या मांजराचा उपयोग काय?" असं गुलाम रसूलनं एकदा विचारलं, तर बाई म्हणाली, "तुमचा तरी काय हाय?" त्यानंतर त्या बिचाऱ्यानं विषय काढला नाही.

अशी एकूण तेवीस झाली होती.

त्या दिवशी मंगली आणि तिची आई बुधरी तिसऱ्यांदा दुकानात आल्या. गाव लांब, जंगलातलं. मंगली बारावी झालेली आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. मागच्या पावसाळ्यात तिची काकू बाळंतपणात अडली, तेव्हा नाल्याला पूर होता. नर्स त्या काठावर, काकू या काठावर. काकू वाचली, बाळ नाही वाचलं. तेव्हापासून पोरीचं एकच म्हणणं, "एक नर्स आमच्याच काठावरची पायजे." आणि फॉर्मची मुदत त्या दिवशी पाच वाजता संपत होती.

फॉर्म कधीचाच भरून ठेवलेला होता. फोटो, सही, दाखले, सगळं चढलं होतं. शेवटच्या पानावर फक्त एवढंच उरलं होतं: चौकटीतली अक्षरं पाहून खाली लिहा आणि पाठवा. पण चौकट कोरी! दोनदा परत पाठवलं तेव्हाही कोरी, आजही कोरी.

"नेटवर्क नाई," शकिला बाई म्हणाली.

आता या भागात हे उत्तर कोणालाही पटतं. इथं डाळ शिजली नाही तरी लोक नेटवर्कवर ढकलतील. पाऊस पडला की टॉवर जातो, वीज गेली की टॉवर जातो. मंगलीनं मान खाली घातली. बुधरी बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि तिनं आपली टोपली पदरावर पालथी केली.

टोपलीत सात्या होत्या. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवतात त्या रानातल्या छत्र्या. जाताना बाजारात विकाव्या म्हणून आणलेल्या. बसमध्ये खड्ड्यानं शेजारणीची टोपली उलटून तिच्या चार-दोन छत्र्या यात मिसळल्या होत्या, आणि त्यात एखादी विषारीही असू शकत होती.

शकिला बाई चिडलेलीच होती, स्वतःवर, त्या कोऱ्या चौकटीवर. साडेतीन वाजले होते. ती दारात येऊन म्हणाली, "नेट येईपर्यंत थांबा, दुसरं काय करू मी?"

"थांबतो ना बाई," बुधरी म्हणाली. "पण भाऊ तर पलीकडे कधीचे पिक्चर पाहून राह्यले. त्याईले बरं नेटवर्क भेटते?"

शकिला बाईनं भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं. गुलाम रसूल, पंक्चरची ट्यूब मांडीवर, मोबाईलवर मारामारी पाहत होता. तिच्याच दुकानाच्या नेटवर! आणि चित्र कुठंही अडकत नव्हतं. म्हणजे नेट होतं. मागच्या दोन्ही वेळीही असेल. तिनं या माय-लेकींना दोन वेळा खोटं कारण सांगून पाठवलं होतं.

ती पुन्हा खुर्चीत बसली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पान चारदा उघडलं. चौकट कोरी ती कोरीच, आणि कोपऱ्यात ते मेलं मांजर नाचतंय. या तेविसांपैकीच कोणीतरी आड येतंय, एवढं तिच्या लक्षात आलं. पण कोण? एक काढलं, काही झालं नाही. परत लावलं. दुसरं काढलं, परत लावलं. सव्वाचार वाजले, तरी निम्मी यादीही झाली नव्हती. मंगली घड्याळाकडे पाहत नव्हती, मुद्दाम पाहत नव्हती, आणि ते शकिला बाईला फार लागलं.

बाहेर बुधरी एकेक छत्री उचलून, उलटी करून, देठ पाहून टोपलीत परत ठेवत होती.

"बुधरी बाई, सगळंच काऊन ओतलं? खराब तेवढं काढून टाकायचं ना!" शकिला बाई दारात येऊन म्हणाली.

"खराब शोधत बसलं तर एखादी सुटते," बुधरी मान वर न करता म्हणाली. "आणि सुटलेलीच पोटात जाते. आमी सारी टोपली खाली करतो. मंग ओळखीची तेवढी उचलतो. बाकी राहिली तर राहू दे."

शकिला बाई खुर्चीकडे धावली. जाता जाता म्हणाली, "हाय अल्ला! मी उलटंच करून राह्यली ना!"

तिनं यादी उघडली आणि तेवीसच्या तेवीस बंद करून टाकली. मांजर गेलं. तिनं मंगलीचं पान पुन्हा उघडलं, आणि चौकटीत पाच वाकडीतिकडी अक्षरं दिसली.

"दिसली! दिसली बाई!" मंगली उभीच राहिली. तिनं अक्षरं मोठ्यानं वाचली, बाईनं लिहिली. मंगलीच्या बटनाच्या फोनवर आकडे आले, तेही घातले. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी फॉर्म गेला. प्रिंटरनं पावती बाहेर टाकली तेव्हा बुधरीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

शकिला बाईला गप्प बसवेना. "तुमचे दोन हेलपाटे माझ्यामुळं झाले. नेटवर्कमुळं नाई. माफ करा मले."

"झालं ना आता," बुधरी म्हणाली आणि मूठभर सात्या टेबलावर ठेवून बस पकडायला निघाली.

नंतर शकिला बाईनं आपली टोपली निवडायला घेतली. एकेकाला विचारलं, तू करतो काय आणि तुले पायजे काय. अडणारं सापडलं: पानावरची चित्रं अडवणारं. जूनमध्ये नेट फारच रडत होतं, तेव्हा पानं भरभर उघडावीत म्हणून तिनंच हौसेनं लावलेलं. ती अक्षरं म्हणजेही चित्रच होतं. मग तिनं त्या सूट शोधणाऱ्याच्या अटी पहिल्यांदाच वाचल्या. प्रत्येक पानावर लिहिलेलं सगळं वाचायची परवानगी त्यानं मागितली होती आणि तिनं डोळे झाकून दिली होती. लोकांचे आधार नंबर याच टेबलावर टाकले जातात! तिनं ते उपटून फेकलं आणि त्याच बैठकीत दुकानाचे सगळे पासवर्ड बदलले.

परत घेतली फक्त तीन: जाहिराती अडवणारं, मराठी करून दाखवणारं, आणि पासवर्ड सांभाळणारं. तिघांच्याही अटी पूर्ण वाचून. मग वही काढून, "नेटवर्क नाई" म्हणून महिनाभरात परत पाठवलेल्या सगळ्यांना तिनं फोन लावले. "परत या. चूक माझी होती," असं प्रत्येकाला सांगताना तिचा आवाज पहिल्या दोन फोनांना अडखळला, मग नाही.

दीड महिन्यानं मंगली एकटीच आली. नंबर लागला की नाही ते पाहायचं होतं. त्या दिवशी खरोखरच नेटवर्क रडत होतं. बाईनं पावतीवरचा नंबर टाकला. प्रवेशाचं पत्र उघडलं, आधी नाव आलं, खाली कॉलेजचं नाव आलं, आणि वर फोटोची चौकट कोरी राहिली. मंगली पडद्याकडे झुकली.

"थांब," शकिला बाई म्हणाली. "आता कोणी अडवत नाई. येऊन राह्यला."

वरून हळूहळू केस दिसले. मग कपाळ. मग फोटोवाल्यानं हसू नको म्हणून सांगितलेले ते गंभीर डोळे. शकिला बाईनं माउसवरून हात काढून घेतला आणि पोरीच्या पाठीवर ठेवला, आणि दोघी फोटो पूर्ण होईपर्यंत तशाच थांबल्या.