आवाज दुरुस्त झाला तो दिवस

रविंद्रनं पिशवीतून लॅपटॉप काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, चित्र दिसतं, आवाज येत नाही, तू बघ.

माझा नवरा वरच्या पाड्यावरच्या शाळेत मास्तर. धरणीकंपानं शाळेची एक भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती, म्हणून पोरं आंब्याखाली ताडपत्रीच्या मांडवात बसत. लॅपटॉप एका संस्थेनं शाळेला दिलेला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, त्यामुळे दुसरे मास्तर त्याला हातच लावत नसत. मी लग्नाआधी डहाणूला जिग्नेशभाईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वर्षभर शिकवत होते आणि तिथली सगळी मशिनं लिनक्सवर चालत. तेवढ्यावर मी घरातली इंजिनियर.

२०१९चा फेब्रुवारी. आमचा पाडा तलासरीच्या अलीकडे. नोव्हेंबरपासून जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा धडाका व्हायचा आणि त्याच्याबरोबर जमीन हलायची. कधी दिवसातून चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही. घर उभं होतं, पण आम्ही अंगणात तंबू टाकून राहत होतो. माझ्या सासूनं, जमनाआईनं, तंबूच्या तोंडाशी तीन तांबे एकावर एक उपडे रचून ठेवले होते. हलायला लागलं की ते खणखणत पडायचे आणि झोपलेला माणूस उठायचा.

पण तांब्यांच्याही आधी रूपी उठायची.

रूपी माझी लेक, चौदा महिन्यांची. गोधडीवर पालथी झोपायची, एक गाल जमिनीला टेकवून. एकदम डोळे उघडायची, दोन्ही हात पसरायची, आणि मग तांबे पडायचे. जमनाआई शेजारच्या सुकीला दहादा सांगायची, "आमच्या पोरीचे कान सशाचे आहेत. सगळ्यात आधी हिला ऐकू येतं."

सुकी म्हणायची, "मग सरकारकडून पगार घ्या की तिचा. त्यांचं मशीन तर दुसऱ्या दिवशी सांगतं."

रूपी अजून 'आई' म्हणत नव्हती. 'बा'सुद्धा नाही. जमनाआईचं म्हणणं, तिचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि आता वर्गात गप्प बसत नाही. मीही तेच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रविंद्र शाळेत गेला, जमनाआई पाण्याला गेली. घरातून वायर ओढून मी तंबूत लॅपटॉप लावला. आवाजाची पट्टी पूर्ण वर होती. शाळेचं कावळ्याच्या गाण्याचं चित्र लावलं. कावळा चोच उघडत होता, पोरं नाचत होती, सगळं मुक्यानं. पलीकडे रूपी वाटीनं माती भरून ओतत होती. तिनं पाहिलं, रांगत आली, आणि हसली. टाळ्या वाजवल्या. अंग डोलवलं.

रविंद्रच्या मोबाईलवर हेच गाणं लागायचं तेव्हा ती अशीच हसायची. अगदी अशीच. तेव्हा आम्ही म्हणायचो, पोरीला गाण्याचा नाद आहे.

मी चित्र बंद केलं. रूपी रडली. पुन्हा लावलं, हसली. आवाज नव्हताच, आणि तिला काहीही कमी पडलं नव्हतं.

खरं तर त्याच संध्याकाळी रविंद्रचा मोबाईल तिच्या पाठीमागे धरून गाणं लावता आलं असतं. लावलं नाही. त्याला काही बोललेही नाही. मनाशी म्हटलं, आधी लॅपटॉप होऊ दे. लॅपटॉप झाला की बघू.

म्हणून तो लवकर होऊ नये असंही वाटत होतं.

तीन दिवस मी रूपीच्या झोपेत त्याच्यापुढे बसले. आधी वाटलं फाईलच खराब असेल. दुसरी लावली, तिसरी लावली, सगळ्या मुक्या. मग टर्मिनल उघडलं, म्हणजे ती काळी खिडकी जिथं मशीनला लिहून सांगावं लागतं. तिथं आवाजाच्या उभ्या नळ्या दिसतात. स्पीकरच्या नळीखाली एमएम लिहिलेलं होतं, म्हणजे तोंड बंद. एम दाबून ते उघडलं, नळी वरपर्यंत भरली. काही नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा एमएम. कोणीतरी आतून परत परत तोंड दाबत होतं.

आणि हात मशीनवर असताना डोक्यात दुसरंच उलगडत होतं. माझा साधा फोन फळीवर थरथरला की रूपी वळते. हातात असताना वाजला तर वळत नाही. मी अंगाई म्हणते तेव्हा तिला गाल माझ्या गळ्याला लावूनच झोपायचं असतं, खांद्यावर चालत नाही. आणि झोळी. महिन्याच्या सुरुवातीला भरदुपारी मोठा धडाका झाला, सुकीच्या घराची कौलं खाली आली, सगळा पाडा ओरडत बाहेर पळाला. तेव्हा रूपी चिकूच्या फांदीला टांगलेल्या झोळीत होती. मी धावत जाऊन पाहिलं तर गाढ झोपलेली. तेव्हा जमनाआई म्हणाली होती, झोळीत पोरांना मेल्यासारखी झोप लागते.

झोळी जमिनीला लागत नाही.

चौथ्या दिवशी मी जिग्नेशभाईंना फोन केला. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली. मजेत आहे म्हटलं. मग त्यांनी विचारलं, सेटिंगमध्ये आवाज कुठे जातोय ते काय लिहिलंय. मी वाचलं. हेडफोन.

"लावलाय हेडफोन?"

"नाही ना. घरात हेडफोनच नाही."

"तर मग भोकात कचरा असेल, बेन. कचरा आत दाबला गेला की मशीनला वाटतं हेडफोन लागलाय, मग ते स्पीकर आपोआप बंद करतं. ते बिचारं खोटं नाय बोलत. त्याला जे लागतं तेच बोलतं."

लॅपटॉप शाळेच्या कोनाड्यात होता, भिंत फाटली त्या दिवशी. रूपीचे कान पुसायला आणलेल्या कापसाच्या काड्यांचा डबा माझ्याजवळच होता. एका काडीचा कापूस काढून टाकला, मशीन बंद केलं, आडवं धरलं आणि हळूहळू कोरत राहिले. गिलाव्याचा एक खडा बाहेर पडला, ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नसेल. मशीन चालू केलं. हेडफोन गेला होता, तिथं स्पीकर लिहिलं होतं.

रूपी माझ्याकडे पाठ करून वाटीत माती भरत होती. मी तिच्या मागे दोन हातांच्या अंतरावर, लॅपटॉप मांडीवर. आवाज पूर्ण वर केला आणि तपासणीचं बटण दाबलं. मशीनमधून एक बाई इंग्रजीत खणखणीत बोलली, पुढे डावीकडे. अंगणातली कोंबडी मान वर करून थांबली. बाई बोलली, पुढे उजवीकडे. कोंबडी पंख झटकून पळाली.

रूपीनं वाटी ओतली. पुन्हा भरली.

मी डावी बाजू लावली, उजवी लावली, डावी लावली. किती वेळा ते ठाऊक नाही. मग तिला नावानं हाक मारली, जोरात, जितकं जोरात आपल्या लेकराला कधी हाक मारत नाही तितकं जोरात. सुकी आपल्या दारातून म्हणाली, काय झालं गं. मी म्हटलं, काही नाही, लॅपटॉप झाला.

संध्याकाळी रविंद्र आला, पाय धुतले, विचारलं, आला का आवाज. मी म्हटलं, आला. तो इतका खूश झाला की चहाला थांबला नाही. रूपीला उचलून लॅपटॉपसमोर बसवलं, गाणं लावलं. रूपी हसली, डोलली, टाळ्या वाजवल्या. जमनाआई पाण्याचा हंडा उतरवत होती, तीही हसली.

"बघ कशी नाचते," रविंद्र म्हणाला.

मी लॅपटॉप फिरवून चित्र घराच्या भिंतीकडे केलं. आवाज पूर्ण वर केला. रूपीला उचलून लॅपटॉपकडे पाठ करून बसवलं.

"आता बघ," मी म्हटलं.

गाणं मोठ्यानं चाललं होतं. रूपीला वाटी सापडली. ती माती भरू लागली. रविंद्रनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. वाकून कान स्पीकरला लावून पाहिला. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर तिच्या मागे बसला आणि दोन्ही हात उगाच हवेत धरून राहिला, टाळी वाजवायची की नाही असे.

"पण ती तर..." तो म्हणाला.

त्याचं वाक्य तिथंच होतं तेवढ्यात रूपीच्या हातातली वाटी पडली. तिनं डोळे मोठे केले, एक हात जमिनीवर टेकला आणि दुसरा माझ्याकडे पसरला. तांबे खणखणत कोसळले. खालून धडाका आला, घराच्या पत्र्यांवरून कुणी धावल्यासारखा गेला आणि थांबला. मी तिला उचलून पोटाशी धरलं.

जमनाआईनं तांबे गोळा केले आणि एकावर एक रचायला घेतले.

"पाहिलंस रविंद्र," ती म्हणाली, "सगळ्यात आधी हिला ऐकू आलं."

मागे गाणं चालूच होतं. रूपीनं माझ्या गळ्याला गाल लावला आणि वाट पाहत राहिली, म्हणून मी अंगाई म्हणायला सुरुवात केली.