त्रिकाळला हे कोणी सांगितलं?

ग्रामपंचायतीच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, सप्ताहाच्या काल्याला पडतो तेवढा. आत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर भलामोठा पडदा, त्याला झेंडूचा हार, खाली पेढ्यांचं ताट, आणि उदबत्त्यांचा धूर इतका की पडद्यावरची बाई आता खोकते की काय, असं मला वाटलं. ती कशाची खोकते! ती बाई नव्हतीच. ते होतं ‘त्रिकाळ’, आमच्या निंबखेड्याला भूत-भविष्य सांगणारं एआय यंत्र.

बाजूला फ्लेक्स लावलेला: ‘ग्रामपंचायतींना डिजिटल साहाय्य, सायबर सुरक्षा आणि एआय’. त्याच्यापुढं माइक घेऊन सोमेश्वर उभा. हा कंपनीचा माणूस. अंगात जाकीट, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडाला अजिबात लगाम नाही.

“त्रिकाळ झोपत नाही! त्रिकाळ खात नाही! त्रिकाळला जात नाही, पक्ष नाही, सोयरा नाही!”

टाळ्या. त्रिकाळ खात नाही म्हणून ताटातले पेढे सोमेश्वर खायचा.

“या मावशी, बिनधास्त विचारा.”

आमच्या वस्तीतल्या चांगुणाबाई पुढं झाल्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. लेक लग्न होऊन पुण्याला. त्यांनी पडद्याला हात जोडले आणि विचारलं, “माह्या दारात नळ कधी येईल, बाई?”

पडद्यावरचा चेहरा जरा थांबला, मग गोड आवाजात बोलला, “नळ येईल, चांगुणाबाई. पण आज तुमचं मन नळात नाही. आज बाळ्याचा वाढदिवस.”

बाळ्या म्हणजे चांगुणाबाईंचा थोरला. तापानं गेला तेव्हा रांगत होता. गावातल्या निम्म्या लोकांना तो होता हेसुद्धा माहीत नव्हतं. बाई मटकन खाली बसल्या आणि फरशीला डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागल्या. मागच्या बायाही डोळे पुसायला लागल्या.

आवाज पुढं म्हणाला, “तुम्ही राहता ती जागा तुमची नाही, रस्त्याची आहे. ग्रामसभेत ती सोडा. बाळ्याच्या आत्म्याला शांती मिळेल.”

“सोडते, माय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “तुला सगळं दिसतं.”

माझं डोकं तिथंच सणकलं. यंत्र विज्ञानाचं आणि भाषा देवऋष्याची! मी केदारखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एआय मला ठाऊक आहे. कामाची चीज आहे ती. अर्ज लिहून देते, कायद्याचा कागद सोप्या भाषेत समजावते. पण पोटात दडवलेलं दुःख तिला दिसत नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय तिला काही कळत नाही. मग हे कुणी सांगितलं?

हे बोलायला माझ्याकडं एकच माणूस होता. कल्याण, आमचा सरपंच. कॉलेजच्या दिवसांपासून आम्ही दोघं एका फटफटीवर गावोगाव फिरलेलो. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात तो जिभेवर कापूर जाळायचा आणि मी त्यामागचं कारण लोकांना समजावून सांगायचो. अंगात आणणाऱ्या एका बुवाला आम्ही तिथूनच पळवून लावलं. कल्याण मोठ्या शेतकऱ्याच्या घरातला, मी बौद्ध वस्तीतला. आमच्या ताटात कधी अंतर पडलं नाही. त्याच्या निवडणुकीला मी घसा बसेपर्यंत बोललो होतो.

त्याच्या तुरीच्या शेतात, बांधावर बसून मी त्याला सांगितलं, “कल्याण, ह्यात बनवाबनवी हाय. गोष्टी फोनमधूनच चोरीला जात असतील, पण कशा ते कळंना. पण मी सापळा लावतो. घरी आमच्या साक्षीला फोनवर एक खोटी गोष्ट लिहितो, आईची मोहनमाळ शेवग्याखाली पुरलीय म्हणून. आईला कधी मोहनमाळ नव्हती. ग्रामसभेत त्रिकाळला विचारतो. त्यानं तीच थाप परत सांगितली की सगळ्यांसमोर उघडा पडला.”

कल्याणनं माझ्या पाठीवर थाप मारली. “बराबर हाय. लाव सापळा. मी हाय ना.”

साक्षी माझी बायको. तिला मी तो निरोप लिहिला, आणि तो खोटा आहे हे तिलाही सांगितलं नाही. खोटेपणा ठाऊक होता तो फक्त मला आणि कल्याणला.

ग्रामसभेला सारं गाव लोटलं. एकीकडं बाया, एकीकडं गडी, नेहमीसारखे. मी उठलो आणि माइकवर विचारलं, “त्रिकाळ, माझ्या आईची मोहनमाळ कुठं हाय?”

“गुरुजी,” पडद्यावरची बाई हसली, “तुमच्या आईकडं मोहनमाळ नव्हती. तुम्ही खोटं रचून माझी परीक्षा घ्यायला आला आहात. विज्ञानाच्या शिक्षकाला हे शोभतं का?”

अख्खं सभागृह फिदीफिदी हसलं. “गुरुजीची जिरली!” मागून सर्जेराव ओरडला. सोमेश्वरनं दोन्ही हात वर केले. “पाहिलंत? मनातलं कपटसुद्धा दिसतं!”

मी कल्याणकडं पाहिलं. तो टेबलावरचं पेन सरळ करत बसला होता. वर बघेना.

तेव्हा मला कळलं. कानशिलात बसल्यासारखं कळलं. ती थाप फोनमध्ये होती, पण ती थाप आहे हे कुठल्याच फोनमध्ये नव्हतं. ते मी बांधावर एका माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस मान खाली घालून समोर बसला होता. मी तिथं थांबूच शकलो नाही. तेवढ्यात सभेला चहाची सुट्टी झाली, तसा बाहेर अंगणात येऊन पायरीवर बसलो. राग यायला हवा होता. आधी रडू आलं, हे खरं सांगतो.

चांगुणाबाई माझ्यामागं आल्या. “जय भीम, गुरुजी. मन लहान करू नका. माफी मागा तिची. लई मोठ्या मनाची हाय ती.” बोचकी बांधून झाली म्हणाल्या. सुट्टीनंतर त्यांच्या जागेचा ठराव होता. जायचं कुठं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मग फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, “लेकीचा आवाज आलाय. लावून द्या जरा, मला हे दाबता येत न्हाई.”

आवाज लावताना माझं बोट चुकून वरच्या तीन ठिपक्यांवर गेलं. बघतो तर तिथं ‘जोडलेली उपकरणं’, आणि त्यात त्यांच्या व्हॉट्सअॅपला जोडलेला एक कॉम्प्युटर. ‘आत्ता चालू’.

“चांगुणाबाई, तुम्ही कधी कॉम्प्युटर वापरला?”

“मी? मला टीव्ही लावता येत न्हाई.”

माझा फोन उघडला. तिथंही तोच कॉम्प्युटर. आणि एकदम नोंदणीचा दिवस आठवला. सोमेश्वरनं गावाला सांगितलं होतं, त्रिकाळचा आशीर्वाद पाहिजे तर फोनची नोंदणी करा. त्याच्या कंपनीतली पोरगी फोन घ्यायची, दोन बटणं दाबायची आणि लॅपटॉपवरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनासमोर धरायची. लोक त्याला ‘चौकोनाचं दर्शन’ म्हणायचे. झालं की फोन कपाळाला लावायचे! मला नको होतं ते, पण कल्याणच म्हणाला, “आण इकडं, सरपंचाच्या दोस्तानं मागं राहू न्हाई,” आणि स्वतः माझा फोन घेऊन गेला.

आमच्या गावाला यात काही वावगं वाटलंच नाही. वाटणार कसं? पीकविमा असो, रेशन असो, फोन ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचं, ही आमची रीत. ओटीपी आला की खिडकीतून ओरडून सांगायचा. आमच्याकडं ओटीपी हे गुपित नाही, आरोळी आहे.

मी उठलो. चांगुणाबाईंच्या फोनमधून तो कॉम्प्युटर काढून टाकला. मग चहा पीत बसलेल्या बायांकडं गेलो. “जरा फोन द्या.” कशाला, एकीनंही विचारलं नाही! पटापट फोन पुढं आले. माझ्या कामाचंच होतं ते, तरी मला त्यांची चीड आली. एकेक कॉम्प्युटर काढत गेलो. जेवढ्या बाया अंगणात होत्या तेवढ्यांचे फोन मोकळे झाले. गड्यांच्या फोनला हात लावला नाही. शाळेत प्रयोगाला एका कुंडीला पाणी घालतो आणि दुसरीला घालत नाही, तसंच हे. सगळ्यांना फक्त एवढं सांगितलं, “आत जायच्या आधी घरच्यांना व्हॉट्सअॅपवर काहीतरी कळवा, आणि काय कळवलं ते आतमध्ये त्रिकाळला विचारा.” सर्जेरावाला तर मी जाणूनबुजून चढवलं, “बघू, तुझा देव सांगतो का!”

सर्जेराव ताठ मानेनं माइकवर गेला. “सांग माय, पोराला आत्ता काय कळवलं म्या?”

क्षणभर थांबून आवाज आला, “जाफराबादहून येताना तुरीवर फवारायचं औषध आणायला सांगितलं.”

“बिलकुल बराबर!” सर्जेराव नाचायचाच बाकी राहिला. टाळ्या कडाडल्या.

मग द्वारकाबाई. पडदा थांबला. बराच वेळ थांबला. “आपण... आपल्या कुटुंबाच्या सुखाची चिंता केलीत.”

“सुखाची कसली चिंता, मेले! इळ्याला धार लावून आण म्हणलं मी नवऱ्याला!”

हशा पिकला. सोमेश्वर घाईनं म्हणाला, “नेटवर्क! नेटवर्क!” पुढं एक गडी गेला, उत्तर बरोबर. मग एक बाई, उत्तर चूक. पुन्हा गडी, बरोबर. पुन्हा बाई, चूक. हसणं हळूहळू थांबलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

“काहून हो,” द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “ह्याला बायाचं काहीच कसं कळंना? सकाळपस्तोर तर समदं कळत व्हतं!”

मी पुढं जाऊन माइक घेतला. “कारण मघाशी अंगणात मी तुमच्या फोनमधून ह्यांचा कॉम्प्युटर काढला. गड्यांचा अजून आत हाय. सर्जेराव, आण तुझा फोन. हे बघ, ‘आत्ता चालू’. चौकोनाचं दर्शन घेतलं ना, त्या घडीपासून तू लिहिलेलं, बोललेलं समदं दुसरीकडं उमटतंय. तिथं बसलेला माणूस ते वाचतो, आणि उत्तर लिहून पाठवतो. पडद्यावरची बाई फक्त लिहिलेलं वाचून दाखवती. ह्यांचं यंत्र एवढंच हाय.”

सोमेश्वर वायर उपटायला वाकला. सर्जेराव दारात आडवा झाला. “थांब लेका. माह्या पोराला अजून काय काय बोललो, ते सांगून जा.” दोन मिनिटांत सोमेश्वरनं तोंड उघडलं. जाफराबादला भाड्याच्या खोलीत त्याची दोन माणसं बसली होती, गावाचे निरोप वाचत.

चांगुणाबाई उठल्या. पुढं आल्या. “बाळ्याचं मी फक्त लेकीला बोलले व्हते. रात्री, रडता रडता. ते... त्या माणसांनी ऐकलं?”

“व्हय, चांगुणाबाई.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी फरशीवर रडल्या होत्या तसं नाही, आवाज न करता. कुणालाच त्यांच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

मी कल्याणसमोर जाऊन उभा राहिलो. चांगुणाबाईंच्या घरामागं त्याचं खताचं गोदाम, आणि गोदामाला रस्त्याकडं तोंड नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्याच डोळ्यांवर दोस्तीची झापड होती.

“तुला जागा पायजे होती, तर तिला तोंडानं काहून न्हाई मागितली?”

“दिली नसती तिनं,” तो हळू म्हणाला. “आणि मागितली असती तर वस्तीनं मला मत दिलं नसतं. यंत्रानं सांगितलं की कुणाचा राग येत न्हाई. दुसरीकडं जागा देणारच होतो मी तिला.” मग एकदम मान वर करून म्हणाला, “तूच शिकवलं ना लोकांना, देवावर नका, विज्ञानावर भरोसा ठेवा म्हणून? ठेवला त्यांनी.”

आमच्या सगळ्या फिरण्याचा, बोलण्याचा ह्या माणसानं हा अर्थ काढला होता.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. कल्याणची आई, झुंबरबाई. चहाच्या वेळी त्या आतच बसून राहिल्या होत्या. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. “गुरुजी, माहा बघा. माह्यात तर नसंल. सरपंचाची आई हाय मी.”

मी उघडला. आत तोच कॉम्प्युटर. आत्ता चालू.

म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला उत्तर कळलं. ती लेकाकडं वळली. “मी तुह्या बहिणीला घरातलं समदं सांगते, कल्याण. तुह्या बायकोचं, माह्या दुखण्याचं. तुला ठाऊक व्हतं?”

कल्याण पुन्हा टेबलावरचं पेन सरळ करायला लागला. ती काठी टेकत चांगुणाबाईंजवळ गेली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली. जागेचा ठराव मांडायला कुणीच उठलं नाही. सर्जेरावानं हार ओढून काढला आणि पडदा भिंतीकडं फिरवून ठेवला.

जालन्याहून पोलीस आले, लॅपटॉप नेला. चांगुणाबाईंचं घर जागेवर आहे. कल्याण रस्त्यात दिसतो. मी बोलत नाही. पण परवा चांगुणाबाईंची लेक मला फोनवर म्हणाली, “गुरुजी, आई आता बाळ्याचं नाव काढत न्हाई. मी काढलं तरी म्हणती, ठेव, कुणी ऐकत असंल.” जगात एका माणसाजवळ त्या मोकळं रडत होत्या, ते रडणंही गेलं. कुठल्या पंचनाम्यात ते लिहायचं?

म्हणून कळकळीनं सांगतो. तुमच्याही ग्रामपंचायतीत यंत्रं येतील, यावीत, कामाची आहेत. त्यांच्याकडून काम करून घ्या, त्यांना हार घालू नका. तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी, कशाला पाहिजे ते विचारा. तुमच्या मनातलं कुणी सांगायला लागलं, तर पाया पडण्याऐवजी त्याला सरळ विचारा, “हे तुला कोणी सांगितलं?” विज्ञान म्हणजे भरोसा नव्हे. हा प्रश्न विचारणं म्हणजे विज्ञान. तो देवाला विचारा, यंत्राला विचारा, आणि जिवलग दोस्तालासुद्धा विचारा. माझ्याकडून तेवढा एकाला विचारायचा राहिला, आणि त्याची किंमत चांगुणाबाईंनी मोजली.