एस्तेरताईंचा व्हरांडा

खळ घातलेल्या पांढऱ्या साडीची सळसळ ऐकून मी एका अविवाहित बाईला विधवा ठरवलं होतं. ठरवून गप्प बसले असते तरी बरं. मी तिचं सांत्वनही केलं. तेव्हा माझं लग्न नवं होतं, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू मांडलं होतं, आणि पुण्याहून दिल्लीला येताना जगातली सगळी अक्कल आपण ट्रंकेत भरून आणली आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शेजारणीबरोबर एक उंच, सावळी बाई दारात उभी राहिली आणि बाहेरचं धुकं तिच्या पांढऱ्या पदराला चिकटून आत आल्यासारखं वाटलं. मोकळं कपाळ, रिकामे हात. चारचौघींत हिचा अवमान होऊ नये म्हणून मी, साक्षात करुणेचा अवतार, तिला अलगद स्वयंपाकघरात नेलं, स्टोव्हशेजारी पाटावर बसवलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "फार लवकर गेले का हो?"

तिने माझं मनगट हातात घेतलं. मला वाटलं, दुःखाला आधार हवा असेल. ती माझी नाडी बघत होती.

"कोण गेले?" नाडी सोडून तिने विचारलं. "अगं बाई, अजून कोणी आलेलाच नाही, तर जाईल कुठून? मी नगरची एस्तेर. इस्पितळात मेट्रन आहे. हा युनिफॉर्म आहे माझा. कुंकू राहू दे, तीळगूळ मात्र दोनदा दे."

त्या इस्पितळाची नर्सिंगची शाळा आणि वसतिगृह फरीदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं, आणि त्या वास्तूचं सारं वैभव तिच्या दक्षिणाभिमुख, लांबलचक व्हरांड्यात एकवटलं होतं. माघातलं कोवळं ऊन सकाळी पायरीवर टेके, दुपारी खांबांमधून आत सरके आणि संध्याकाळी एस्तेरताईंच्या कोपऱ्यातल्या खोलीपाशी येऊन विझे. रविवारी तिथे गाद्या उन्हात पडत, कठड्यावर तांबड्या कांबळ्यांची रांग चढे, केरळच्या आणि गढवालच्या मुली केस मोकळे सोडून बसत, आणि खोबरेल व फिनेलच्या त्या संमिश्र गंधातून एस्तेरताईंच्या साडीची सळसळ अशी येई, की वाऱ्यालाही रांगेत उभं राहावंसं वाटे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. तो खाली उतरे, आणि तो उतरला की मुली धावत सुटत. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ बघण्यासाठी त्यांना मान लववावी लागे. इतर माणसं वेळ बघतात, त्या मात्र काळाला नम्रपणे काहीतरी विचारताहेत असं वाटे, आणि काळही त्यांना भिऊनच उत्तर देत असावा.

मी सुधारले नाही ते नाहीच. विधवा नाहीत तर निदान वधू तरी असाव्यात, या निष्ठेने मी पुढची काही वर्षं त्यांच्यासाठी स्थळं हुडकली. ह्यांच्या ऑफिसातल्या एका विधुर सेक्शन ऑफिसरला भजी खायला बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं आणि स्वतः पडद्याआड कान देऊन उभी राहिले. तो गेल्यावर एस्तेरताई शांतपणे म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. पावलं सुजली आहेत त्याची, हृदय दाखवून घ्यायला सांग. आणि यार, तुझी भजी आतून कच्ची होती."

पुढे इस्पितळ बंद पडलं. शेवटची तुकडी निरोप घेऊन गेली आणि शाळाही मिटली. कोपऱ्यातली खोली एस्तेरताईंकडे राहिली, कारण ती परत मागण्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आवार एका विद्यापीठाच्या ताब्यात गेलं, तरी कित्येक हिवाळे त्या व्हरांड्यात ऊन आणि एस्तेरताई अशी दोघंच वस्तीला होती. मग भोवती निळे पत्रे उभे राहिले. दुकानं, कचेऱ्या, सदनिका, विद्यार्थ्यांची निवासस्थानं, सारं एकाच ठिकाणी होणार होतं. विद्यापीठाचा एक तरुण अधिकारी नकाशा घेऊन अत्यंत सौजन्याने आला. "आंटीजी, बरामदा तो हम रख रहे हैं. यहाँ कैफे बनेगा, बिल्कुल आपके जमाने जैसा." व्हरांड्याला नकाशात जागा होती. एस्तेरताईंची सोय फरीदाबादच्या वृद्धाश्रमात केली होती.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांपाशी उभी राहिलेली ही बाई एकाच गोष्टीला भीत होती: अनोळखी माणसांच्या रांगेत आपलीही एक खाट असण्याला. हे मला ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, "एस्तेरताई, आमच्याकडे चला." मयूर विहारमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीला लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे पायरी बघूनच थरथरत.

"तिसऱ्या मजल्यावर चढले, तर उतरेन ती चौघांच्या खांद्यावरूनच," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या जिन्याला वळणं फार. बिचारे अडकतील."

मी तळमजल्यावर जागा शोधली. नव्वदीच्या एकट्या बाईला घर द्यायला कोणी धजेना.

वृद्धाश्रमात न्यायच्या दिवशी माझी नात गाडी घेऊन आली. सामान एका ट्रंकेत मावलं. मी रडेन असं मला वाटलं होतं. मी तर जाहिरात बघूनही रडते. पण दंतवैद्याने सुई टोचल्यावर गाल जसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं सारं अंतःकरण झालं होतं. आत कुठेतरी काही उपटलं जात आहे हे कळत होतं, दुखत मात्र नव्हतं.

फाटकाशी विक्रीचं ऑफिस होतं. काचेच्या पेटीतल्या इवल्याशा इमारतींपुढे एक तरुण जोडपं आपली खिडकी शोधत उभं होतं. त्या मुलीने हसून मला विचारलं, "आंटी, आप भी यहीं ले रही हैं?"

"बेटा, यहाँ पहले…" मी सुरुवात केली, आणि मागून एस्तेरताईंनी माझा पदर ओढला. त्या काठी टेकत पुढे झाल्या, मुलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "ले लो. धूप बहुत अच्छी आती है."

गाडी रस्त्याला लागली. मी चिडून विचारलं, सांगू का दिलं नाहीत? आपण तिथे होतो, एवढं तरी कुणाला कळायला नको? त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या,

"खाट रिकामी झाली की चादर बदलायची, खिडकी उघडायची. आधी तिथे कोण होतं, हे नव्या पेशंटला कधी सांगायचं नसतं गं. त्याला झोप लागली पाहिजे."