वायसनची पेटी

एकोणीस दिवस झाले, पोरगी माझ्या छातीला बांधलेलीये. सातव्या महिन्यातच आली. वजन अकराशे ग्रॅम. टोपी नि लंगोट घालून कातडीला कातडी लावायची, वरून चितेन्जेचं कापड करकचून गुंडाळायचं आणि बसायचं. झोपायचं ते पण बसूनच. सिस्टर नासिबेको म्हणते, दीड किलो होईपर्यंत सुटका नाही. वर्गात बाकावर तासभर बसवत नव्हतं म्हणून शाळा सोडलेली मी, आणि आता हे.

म्हणून हॉस्पिटलचे सुतार बाम्बो वायसन नवी पेटी घेऊन आले, तेव्हा सगळ्यात आधी मी उठले. प्लायवूडची पेटी. खालच्या कप्प्यात चार बल्ब, वर भोकं पाडलेली फळी, फळीवर बाळ. बल्बांच्या उबेवर बाळ राहतं. जुन्या दोन पेट्या शेजारच्या खाटेवरच्या एनेलेसच्या जुळ्यांनी अडवलेल्या.

एनेलेस म्हणाली, "अकराशे ग्रॅम जड झालं का गं तुला?"

तू तुझी दोन बघ, म्हटलं.

बाम्बो वायसननी बटण दाबलं. पांढराफेक उजेड. वीजवाल्यांनी मागच्या आठवड्यात जुने पिवळे बल्ब घेऊन हे नवे दिले, वीज कमी खातात, असं बाम्बो वायसन छाती फुगवून सांगत होते. मी पेटीत हात घातला. डोळे दिपत होते, हाताला काही लागत नव्हतं. तापेल हळूहळू, असं मी मनाला सांगितलं.

सिस्टर जुळ्यांकडे वाकली होती. तिकडूनच विचारलं, "गरम आहे ना?"

"हो."

पोरीला ठेवून मी बाहेर पळाले. नळाखाली पाठ धुतली. पोटाला वारा लागला, एकोणीस दिवसांनी. झाडाखाली बसून मंदासी खाल्ली, पिठाची तळलेली, गरमागरम. दुसरी उचलली तर बोट भाजलं, आणि मामाच्या दुकानातला बल्ब आठवला. असलाच पांढरा. संध्याकाळभर जळायचा आणि मी तो नुसत्या हाताने काढायचे. कधी चटका बसला नाही.

मंदासी टाकून धावले.

पोरीचे पाय गार पडले होते. रडत पण नव्हती. सिस्टरने तिला उचलून माझ्या छातीवर दाबलं, चितेन्जे आवळलं.

"तू हो म्हणालीस," एवढंच बोलली.

मग मी बाम्बो वायसनवर तुटून पडले. उजेडात अंडी उबवतोस का, वगैरे बरंच काही बोलले. ते एकेका बल्बला तळवा लावून बघत होते. चारही. जुने बल्ब कुठायत, मी विचारलं. जुळ्यांच्या पेट्यांतले सोडून सगळे देऊन टाकले, म्हणाले. बाजारात आता पांढरेच मिळतात. ब्लांटायरला निरोप धाडतो. कधी येतील? त्यांनी पेटीचं बटण बंद केलं.

सिस्टरने काखेत थर्मामीटर लावला. चौतीस पॉइंट आठ. हवं साडेछत्तीस. तासाभराने पस्तीस पॉइंट सहा. पोरीने माझ्या कातडीवर तोंड घासलं, किंचित किरकिरली.

सिस्टर म्हणाली, दे मी धरते, तू लघवीला जाऊन ये.

मी जागची हलले नाही.