शाकाहारी मनी

तिला मनी म्हणायला लागले ते माशांमुळेच. घरात मासा आला की ही पोरगी ओट्याभोवती घिरट्या घालायची, हाकललं तरी हलायची नाही. वडील म्हणायचे, "आलं बघा मांजर." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती शिकली, दातांच्या कवळ्या बनवायला लागली. दंतवैद्य तिच्या हातच्या कवळीसाठी आठवडा आठवडा थांबायचे, पण माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की ती पुन्हा मनी.

अशा मनीने लग्न ठरल्यावर मासा सोडला. नवरा जन्माचा शाकाहारी. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा आतून तळणीचा वास आला आणि बिचारा पांढराफटक पडला, पाणी मागून खिडकीशी जाऊन बसला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. वीस मजल्यांच्या पोकळीत दोराला लटकताना ज्याचा हात कापत नाही, त्याची ही अवस्था. मनीला त्याची इतकी दया आली, की तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मी सोडते." तो म्हणाला, "माझी काही सक्ती नाही हं." ही 'सक्ती नाही' मोठी सोयीची गोष्ट असते. म्हणणाऱ्याचा मोठेपणा राहतो आणि करणाऱ्याला तक्रारीला जागा उरत नाही.

मनीने तक्रार केलीही नाही. जे करायचं ते ती मनापासून करायची. माहेरी तिच्यासाठी वेगळी कढई आली, वेगळा चमचा आला. आई सगळ्यांना मासा वाढायची आणि मनीपुढे बटाट्याची भाजी ठेवायची, आणि ठेवताना दर वेळी तिच्याकडे बघायची. सुरुवातीची काही वर्षं मनीला स्वप्नात मासे दिसायचे. मग तेही बंद झालं. नवऱ्याला मात्र तिचं केवढं कौतुक! चार माणसं जमली की तो हमखास सांगायचा, "जगातली एकमेव शाकाहारी मनी आहे आमच्याकडे." लोक हसायचे, मनीही हसायची. हसता हसता तिला जरा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोला.

वडील तिच्या लग्नाआधीच गेले होते. आई दादा-वहिनीबरोबर राहायची, सातव्या मजल्यावर. त्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल योगायोगाने मनीच्या नवऱ्याच्याच कंपनीकडे आली. एकदा आई त्या लिफ्टमध्ये अडकली आणि जावयाने येऊन तिला बाहेर काढलं. तेव्हापासून ती लिफ्ट काही धड चालेना. दर बुधवारी तिच्यात काहीतरी निघायचं. कधी दार घासतंय, कधी बटण अडकतंय. नवरा डबा न नेताच जायचा. "आईंकडे काहीतरी खातो," म्हणायचा. मनीला बरं वाटायचं. म्हातारीची विचारपूस होते, जावयाच्या पोटात दोन गरम घास पडतात, आणखी काय हवं? सगळ्यांना ती सांगत सुटायची, "काय भिकार लिफ्ट आहे हो ती, आमच्या ह्यांचा जीव खाते."

आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी बुधवारी लिफ्ट बिघडतच होती. एका रविवारी दादाने दोघांना जेवायला बोलावलं.

वहिनीने दोघांपुढे भाजी वाढली. दादाच्या आणि त्याच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, छकुलीच्या, ताटात अख्खे मासे. वहिनी पोळ्या आणायला आत वळली आणि छकुलीने भोकाड पसरलं. "मला काटे काढून दे!" दादाच्या कानाला फोन. मनी उठणार, एवढ्यात नवऱ्याने छकुलीचं ताट आपल्याकडे ओढलं.

त्याने शेपटीकडून अंगठा घातला. मधला काटा एका झटक्यात, न मोडता, सबंध उचलला आणि ताटाच्या कडेला आडवा ठेवला. मग त्याच्यामागे बारीक काटे एकेक करून ओळीने लावत गेला. मोठा आधी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. आगगाडी. मनीच्या वडिलांची आगगाडी. काटा कुणाच्या घशात जाऊ नये म्हणून त्यांनी पोरांसाठी काढलेली युक्ती. मधला काटा इंजिन आणि बाकीचे डबे. जगात दुसऱ्या कुठल्या घरात काटे असे लावत नसतील. मनीने ही गाडी नवऱ्याला कधी दाखवली नव्हती. दाखवणार कशी, गाडी लावायला ताटात मासा लागतो.

आईला छकुलीसाठी करताना बघितलं असेल, असं मनीने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात नवऱ्याने माशाच्या गालातला मऊ तुकडा नखाने अलगद काढला, तोंडात टाकला आणि अंगठा चाटला.

आई अगदी असंच करायची. गालातला तुकडा वाढणारीचा.

आपण काय केलं हे त्याला अंगठा तोंडात असतानाच कळलं. त्याने मनीकडे बघितलं नाही. मनीने दादाकडे बघितलं, तर दादा फोन बंद करून ताटातल्या मिठाकडे बघत होता. वहिनी दारात पोळ्या घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जरा म्हणून आश्चर्य नव्हतं. ती घाईघाईने म्हणाली, "मनीताई, भाजी वाढू का अजून?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. या टेबलाशी फक्त एक माणूस आजवर खरोखर बटाटे खात होता, आणि तो माणूस म्हणजे ती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मने, जेवून घे आधी," दादा म्हणाला.

"दादा, मी तुला विचारलंय का? ह्यांना विचारलंय."

नवरा म्हणाला, "आपण घरी जाऊन बोलू."

"भावोजींची काही चूक नाही हो," वहिनी मध्ये पडली. "आईच म्हणाल्या होत्या, मनीला सांगू नका म्हणून." वहिनीचा स्वभाव चांगला, आग विझवायला जाते आणि हातात नेमका तेलाचा डबा असतो.

घरी जाताना दोघं चालतच गेले. नवरा दोन पावलं मागे राहून बोलत होता. आई लिफ्टमध्ये अडकली होती ना, त्या दिवशी. तो सकाळपासून उपाशी होता. त्यांनी वाढलं, त्याला नाही म्हणवेना. वाटलं होतं उलटी होईल. झाली नाही. पुढच्या बुधवारी त्या वाट बघत होत्या. मग सवयच लागली. नऊ वर्षं.

"नऊ वर्षं लिफ्ट बिघडत होती," मनी म्हणाली.

"लिफ्ट तशी ठीकच होती," तो म्हणाला. इतका खरा माणूस, नको तिथे.

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटायचं. पण तू इतकी वर्षं पाळलेलं... कुठल्या तोंडाने सांगू? आई म्हणाल्या, पोरीचं मन मोडेल."

"माझं मन मोडू नये म्हणून तुम्ही दोघं मिळून मासे खात होतात! काय काळजी माझी!"

रस्त्यात माणसं वळून बघायला लागली. मनीला त्याचं काही वाटलं नाही. तिला आठवत होतं ते आईचं शेवटचं आजारपण. आई उशीला टेकून बसली होती, मांडीवर ताटली, ताटलीत अर्धा मासा. मनीचा हात धरून ती म्हणाली होती, "मने, एक घास खा गं माझ्याबरोबर. एकच." आणि मनीने म्हटलं होतं, "नको आई, ह्यांना काय वाटेल?" आईने मग मनीच्या डोक्यावरून नजर वर केली. दारात नवरा उभा होता.

"तुम्ही दारात होतात," मनी रस्त्यातच थांबून म्हणाली. "ती मला घास देत होती तेव्हा. नुसतं 'खा' म्हणाला असतात तरी चाललं असतं. एक अक्षर. तुम्ही पंख्याचं बटण बघत बसलात."

आणि उत्तराची वाट न बघता ती चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मनी मासळीबाजारात शिरली. मासेवाली म्हणाली, "कुठला देऊ?" मनीला नावं आठवेनात. मनीला! तिने बोटाने एक दाखवला. "साफ करून देऊ?" हो म्हणाली. पिशवी हातात आली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा जड लागली.

ओट्याशी उभं राहिल्यावर मात्र हात आपोआप चालायला लागले. मीठ, मिरी, ठेचलेला लसूण, वरून भरपूर लिंबू. लहानपणी घिरट्या घालत जे बघितलं होतं ते सगळं. तेल तापलं, मासा चुरचुरला आणि वास, या घरात पहिल्यांदाच, पडद्यांपर्यंत पसरला. तिने खिडकी उघडली नाही. एकच ताट घेतलं. पहिला घास तोंडात घातला आणि ती थांबली.

चव वाईट नव्हती. पण आईची नव्हती. आईच्या माशाची चव आपल्याला आठवते, या एका भरवशावर तिने इतकी वर्षं काढली होती. आता जिभेलाच ओळख पटेना. लिंबू जास्त झालं? लसूण कमी? विचारणार कुणाला? आई नाही. तिने अजून एक घास घेतला, मग ताट बाजूला सारलं आणि तिला रडू आलं.

नवरा कामावरून आला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी, बूटही न काढता, तसाच उभा राहिला.

"लिंबू घातलंस का?" त्याने हळूच विचारलं.

मनीने मान वर केली. हा माणूस तिला तिच्या आईचा मासा शिकवणार होता. आणि शिकवू शकत होता, हेच तर भयंकर होतं.

"मग काय घालायचं?"

"लिंबू त्यांनी सोडलं होतं. कच्चा टोमॅटो किसून घालायच्या."

"आई? आई लिंबाशिवाय मासा करेल?" त्याने खाली बघितलं तसं मनी म्हणाली, "का सोडलं? सांगा ना. आता काय लपवायचं राहिलंय?"

"कवळी घासायची त्यांना," तो म्हणाला. "खाली, डाव्या बाजूला. हिरडी सोलवटून निघायची. लिंबू लागलं की झोंबायचं."

ती कवळी मनीने स्वतः बनवली होती. रात्रीचा दिवस करून, दात न् दात आईच्या जुन्या फोटोवरून बेतून. 'कशी बसते?' असं ती दर वेळी विचारायची आणि आई दर वेळी हसून दाखवायची.

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणायच्या, पोरीने इतक्या हौसेने केलीय. तिला वाईट वाटेल."

मनी उठली. कपाटातून तिने डबी आणली. आईची कवळी तिने जपून ठेवली होती. खालच्या पट्टीवर, डावीकडे आतून, तिने अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. होता. तांदळाच्या कणीएवढा उंचवटा. लोकांच्या कवळ्यांवरचे असले उंचवटे ती बोलता बोलता घासून टाकायची, दोन मिनिटांचं काम. आईने पाच वर्षं तो उंचवटा हिरडीवर सोसला, आणि ते दुखणं दर बुधवारी जावयाला सांगितलं. लेकीला हसून दाखवलं.

तिला वाटलं होतं, लपवली ती माशाची गोष्ट. तेवढीच नव्हती. या दोघांनी मिळून तिला चांगली मुलगी ठरवलं होतं, चांगली बायको ठरवलं होतं, आणि चांगल्या माणसाला कुणी काही सांगत नाही, म्हणून तिला आपल्या सगळ्या खऱ्या गोष्टींतून बाहेर ठेवलं होतं. तिची आई तिच्यापेक्षा ह्याला जास्त माहीत होती.

तिने डबी बंद केली, डोळे पुसले आणि पुन्हा ताटाशी बसली. मासा गार झाला होता. ती खायला लागली. लिंबू तर लिंबू. लहानपणच्या घरात लिंबूच असायचं, निदान तेवढं तरी कुणाला तिच्या मागे बदलता येणार नव्हतं.

नवऱ्याने बूट काढले, हात धुतले, समोरची खुर्ची ओढली. म्हणाला, "मलाही थोडा वाढतेस?"

"नाही," मनी म्हणाली. "मी तुमच्यासाठी सोडला होता ना? आता तुम्ही माझ्यासाठी सोडा."

त्याने मान हलवली. "बरं."

मनीने मधला काटा उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि त्याच्यामागे बारीक काटे लावायला घेतले. त्या 'बरं'वर विश्वास ठेवायचा तिने खरोखर प्रयत्न केला. पण उद्या मंगळवार होता, आणि मंगळवारनंतर बुधवार.