आज मुक्काम कुठं?

शाळा सुटली, पोरं पांगली, तरी नववीतली कोमल मुख्याध्यापक विश्वंभर सरांच्या टेबलापुढून हलेना. सकाळी तिच्या दप्तरात फोन सापडला होता आणि शाळेचा नियम साधा होता: फोन परत हवा तर आईला नाहीतर बापाला घेऊन यायचं.

"मग आण की!" सर म्हणाले.

"कुठून आणू, सर? ते कुठं हायेत, तेच तर फोनवर सांगतेत."

कोमलचं घर मेंढरांमागं चालायचं. खतासाठी जो शेतकरी बोलवील, त्याच्या रानात रात्री मेंढरं बसायची अन् तिथंच चूल पेटायची. आजचं रान कोणतं, हे आई रोज शाळा सुटल्यावर कळवायची.

"बहाणे बराबर जमतेत तुला," सर म्हणाले आणि तेवढ्यात कपाटात फोन वाजला.

सरांनी कुलूप काढलं, फोन कानाला लावला अन् पालकांना झापायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पलीकडून बाई एका दमात बोलली आणि आवाज तुटला. सरांनी उलटा फोन लावला. लागेना.

"काय म्हणली माय?" कोमलनं विचारलं. बाहेर उन्हं उतरली होती.

"कुरुंद्याच्या रस्त्याला, कालव्यापल्याड, हळद काढलेल्या रानात. चार्जिंग संपून राहिली म्हणे. अन्..." सर अडखळले, "बाय माझे, अंधार पडायच्या आत ये."

कोमलनं दप्तर उचललं आणि धूम ठोकली. पालकांशिवाय न मिळणारा तो फोन हातात घेऊन, हाका मारत, सर फाटकापर्यंत तिच्यामागं पळत गेले.